हिंदुस्थानच्या नावाची बिअर आणि आपल्या ताडाचा रस

जगात बिअरचे प्रकार शेकड्यांनी मोजता येतील. त्यांपैकी आपल्या देशाचे नाव कपाळी मिरविणारा प्रसिद्ध प्रकार मात्र एकच: ‘इंडिया पेल एल’. आजची तरुण मंडळी त्यास ‘आयपीए’ या आद्याक्षरांनी ओळखतात. तीत आंब्याचा, पपनसाचा, लिचीचा वास येतो आणि तरीही ती कडू लागते, याचे त्यांना मोठे नवल वाटते. २०१४ साली दिव्याहून दुसरे स्थानक असलेल्या डोंबिवलीत गेटवे नावाच्या एका छोट्या कंपनीने बिअर बनविण्यास आरंभ केला, तेव्हापासून ही चर्चा आपल्या मध्य रेल्वेच्या पट्ट्यातही ऐकू येऊ लागली. फळांचा गंध आणि कडवटपणा यांचा तोल साधणारी ही पाककृती कोणी व कशी सिद्ध केली, आणि त्याच काळात आपल्या ठाणे जिल्ह्यातील घरगुती पेयांचे काय झाले, हे दोन प्रश्न एकत्र विचारले जात नाहीत. आम्हांस ते एकत्रच विचारावेसे वाटतात.

आरंभी नावाविषयी. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारामुळे या बिअरला ‘ईस्ट इंडिया पेल एल’ म्हणू लागले. हे नाव छापील स्वरूपात १८२९ च्या सुमारास सिडनीच्या वृत्तपत्रात आढळते. साष्टी, ठाणे, वसई येथील आपल्या मूळच्या कॅथलिक बांधवांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, तेही त्याच कंपनीच्या चाकरीची जुनी ओळख सांगण्यासाठी. एका व्यापारी कंपनीचे नाव एका पेयाला लागावे आणि एका समाजालाही लागावे, असा योग इतिहासात क्वचितच येत असेल!

ही बिअर हिंदुस्थानासाठी मुद्दाम शोधून काढली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. इतिहास तितका सोपा नाही. लंडनच्या पूर्वेस बो नावाच्या वस्तीत जॉर्ज हॉजसन याने १७५२ च्या सुमारास मद्यशाळा सुरू केली. तेथून कंपनीच्या जहाजांचा धक्का जवळ. जहाजांचे कप्तान स्वतःच्या खाजगी व्यापारासाठी माल नेत, आणि हॉजसन त्यांना दीड वर्षापर्यंत उधारी देई. त्यांनी नेलेल्या मालात ‘ऑक्टोबर बिअर’ म्हणून ओळखली जाणारी फिकट, तीव्र, भरपूर हॉप घातलेली बिअर होती. इंग्लंडातील जमीनदार ती तळघरात वर्ष-दोन वर्षे मुरवत ठेवीत. आफ्रिकेला वळसा घालून विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या चार ते सहा महिन्यांच्या प्रवासात, पिंपांच्या हिंदकळण्याने आणि उष्णतेने, तीच बिअर लवकर मुरून मुंबई-कलकत्त्यास अधिक रुचकर होऊन उतरू लागली. म्हणजे पाककृतीचा अर्धा भाग समुद्राने लिहिला.

उरलेला अर्धा भाग भांडणातून लिहिला गेला. हॉजसनच्या वारसांनी १८२० च्या सुमारास उधारी बंद केली, भाव चढविले आणि कप्तानांना बाजूस सारून व्यापार स्वतःच्या हाती घेऊ पाहिला. तेव्हा कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्चबँक्स यांनी १८२२ साली बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसप यास बोलावून तशीच बिअर बनविण्यास सुचविले. ऑलसपचा माल्ट तयार करणारा जोब गुडहेड याने पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळून पाहिला, असे सांगतात. किटली खरी असो वा नसो, बर्टनचे पाणी खरे होते. जमिनीखालील जिप्समच्या थरांतून येणारे तेथील पाणी हॉपचा कडवटपणा स्वच्छ व नेटका करते. लंडनच्या पाण्यात तोच कडवटपणा घशाशी रेंगाळे. लंडनची चव बर्टनने मागे टाकली ती या पाण्यामुळे.

मुंबईत ही बिअर कोण पीत असे? पलटणीतील साधा गोरा शिपाई बहुधा काळी पोर्टर बिअर पीत असे. फिकट एल साहेबांच्या मेजावर असे, आणि ‘आबदार’ नावाचा नोकर सोऱ्याच्या पाण्यात बाटल्या फिरवून ती थंड करी. १ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याच्या खाडीपलीकडे कल्याणपर्यंत धावू लागली. पुढे लोहमार्ग घाट चढून गेल्यावर देवळालीसारख्या छावण्यांचा माल दिव्याच्या खाजण-शेतांमधूनच वर जाऊ लागला. साबे, दातिवली, आगासन, म्हातार्डी येथील आगरी शेतकरी भात लावीत असता शेजारून हा माल जात होता. त्यांच्या स्वतःच्या पेयाकडे आपण लवकरच येऊ. तत्पूर्वी हॉपविषयी सांगावयास हवे, कारण या पेयाचा सारा तोल त्या एका वेलीवर उभा आहे.

हॉपच्या मादी वेलीस लहान हिरवी बोंडे येतात. ती बिअर टिकवितात, हे लिहून ठेवणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींत एक संत आहेत, हे आमच्या वाचकांस ठाऊक असावे. बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड (१०९८ ते ११७९) यांनी आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात हॉपचा कडूपणा पेयांना नासण्यापासून वाचवतो, परंतु मन उदास करतो, असा दुहेरी अभिप्राय दिला आहे. २०१२ साली पोपमहाशयांनी त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित केले. युरोपातील मठांत बिअर हे रोजचे अन्नपाणीच होते. ‘रितुआले रोमानुम’ या आशीर्वादविधींच्या ग्रंथात बिअरवर म्हणावयाचा आशीर्वादही आहे. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमांच्या चाळिसाव्या अध्यायात प्रत्येक बंधूस रोज किती द्राक्षरस पुरे, याचे मापच ठरवून दिले. माप ठरविणे, ही त्या काळच्या मठांतील पिण्याविषयीची मुख्य चिंता होती.

आता तोलाकडे वळू. वीस लिटर पेयासाठी साधारण साडेचार ते पाच किलो फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेले सातू, घेतात. ते भरडून सुमारे सदुसष्ट अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले की धान्यातील पिठाची साखर होते आणि गोड काढा मिळतो. तो गाळून तासभर उकळतात. उकळण्याच्या आरंभी घातलेले हॉप कडूपणा देतात, पण त्यांचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत, किंवा आच बंद केल्यावर, किंवा पेय आंबून झाल्यावर घातलेले हॉप कडूपणा फारसा वाढवीत नाहीत. ते वास देतात. आपल्या गृहिणींना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. खडा मसाला फोडणीत पडतो आणि कोथिंबीर भांडे उतरविल्यावर, त्यातलाच हा प्रकार.

फळांचा गंध त्या उशिरा पडलेल्या हॉपच्या तेलातून येतो. या तेलात मिरसीन नावाचे सुगंधी द्रव्य पुष्कळ असते, आणि तेच द्रव्य आंब्यातही आढळते. म्हणून पेल्यात आंबा न घालताही आंब्याची आठवण होते. कडूपणा मोजण्याचे एक आंतरराष्ट्रीय एकक आहे. त्यानुसार चाळीस ते पन्नास इतका कडूपणा आणि सहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असला, तर माल्टची गोडी त्यास पेलते. गोडी कमी पडली तर पेय काढ्यासारखे कडू लागते. ती जास्त झाली तर फळांचा गंध पाकात बुडून जातो. पाण्यातील क्षारांचेही असेच आहे. जिप्सम वाढविले की कडूपणा ठसठशीत होतो, क्लोराइडचे क्षार वाढविले की पेय तोंडात भरीव आणि मऊ लागते. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून उतरणारे उल्हास नदीचे पाणी बर्टनच्या मानाने मृदू; आपल्याकडे अशी बिअर बनविणारास जिप्सम वेगळे घालावे लागते ते यामुळे.

सर्वांत अवघड गोष्ट तापमानाची. या बिअरचे यीस्ट अठरा ते वीस अंशांत नीट काम करते. त्याहून फार उष्णता झाली तर केळ्याचा किंवा रंगाच्या पातळद्रव्याचा वास येतो, आणि पिणाऱ्याचे डोके धरते. दिव्यात मे महिन्यात अठरा अंश कोठून आणणार? म्हणूनच ही पाककृती शीतपेट्यांच्या युगापूर्वी आपल्याकडे रुजणे शक्य नव्हते. ती जहाजानेच यावयाची.

फळांच्या गंधाची आजची आयपीए इंग्लंडातही सिद्ध झालेली नाही. तिचे श्रेय अमेरिकेतील घरोघरच्या हौशी लोकांस द्यावे लागते. तेथील दारूबंदी १९३३ साली उठली, तेव्हा घरच्या द्राक्षमद्यास मोकळीक मिळाली, पण घरच्या बिअरचा उल्लेख राहून गेला. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विधेयकावर सही केली आणि घरी बिअर बनविणे तेथे केंद्रीय कायद्याने मान्य झाले. इंग्लंडने त्यासाठीचा परवाना १९६३ सालीच काढून टाकला होता. दरम्यान १९७२ साली ओरेगन राज्यात पपनसाच्या वासाचा ‘कॅस्केड’ हा हॉप वाण शेतकऱ्यांना उपलब्ध झाला होता. घरगुती बिअरचे सामान विकणारे केन ग्रॉसमन यांनी १९८० साली ‘सिएरा नेव्हाडा पेल एल’ याच हॉपवर उभी केली. २००८ च्या आसपास आंबा-लिचीच्या गंधाचा ‘सिट्रा’ आला. स्वयंपाकघरात एका खेपेस एकच गोष्ट बदलून पाहावयाची, वहीत टिपून ठेवावयाची, शेजाऱ्यास चाखावयास द्यावयाची आणि पुन्हा करावयाची, अशा हजारो खेपांतून ती चव तोलात आली. बडे कारखाने त्या वाटेने नंतर गेले.

येथेच आमचा दुसरा प्रश्न उभा राहतो. पुन्हा पुन्हा करून पाहण्याची ही मुभा आपल्या घरांना केव्हा होती, आणि ती कोणी काढून घेतली?

आपल्या किनाऱ्याच्या पेयाचा एक फार जुना लेखी उल्लेख एका धर्मगुरूंचा आहे. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधूंना हौतात्म्य प्राप्त झाले. त्यांचे सहप्रवासी, डॉमिनिकन संघाचे जॉर्डनस, त्या दिवशी ठाण्याबाहेर होते. त्यांनी मागाहून बंधूंचे अवशेष सोपारा येथे नेऊन पुरले. हेच जॉर्डनस पुढे कोल्लमचे पहिले बिशप नेमले गेले. हिंदुस्थानातील नवलांविषयी त्यांनी लिहिलेल्या छोट्या लॅटिन ग्रंथात नारळाचे झाड आहे, फणस आहे, आंबा आहे, आणि ‘तारी’ नावाचे एक झाड आहे. वर्षभर पांढरा, पिण्यास गोड रस देणारे झाड म्हणून त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. हाच आपला ताड. ज्या धर्मगुरूने आपल्या सोबत्यांना सोपाऱ्यात माती दिली, त्यानेच आपल्या ताडाची नोंद लॅटिन भाषेत केली, ही गोष्ट आमच्या धर्मग्रामांतून फारशी सांगितली जात नाही.

ताडी आणि आयपीए या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. हॉपच्या बळावर बिअर सहा महिने समुद्रावर टिकली. ताडी दिवसभरही टिकत नाही. पहाटे मडक्यातून उतरविलेला रस गोड असतो, दहा-अकराच्या सुमारास तो फसफसतो, सायंकाळी आंबट होतो आणि पुढे त्याची शिर्का होते. यीस्ट विकत आणावे लागत नाही, ते हवेत आणि मडक्यात असतेच. अठरा अंशही लागत नाहीत, आपला उकाडाच पुरतो. परंतु जे टिकत नाही ते दूर विकता येत नाही. म्हणून ताडी झाडाच्या सावलीतच राहिली. झाड छेदणारा भंडारी, त्याचे गिऱ्हाईक आणि स्वयंपाकघर एवढेच तिचे जग.

स्वयंपाकघर म्हणण्याचे कारण आहे. आपल्या ईस्ट इंडियन घरांतील नाताळाचे फुगे ताडीने फुगत. गोव्यातील पोदेराचा पाव आणि सणाच्या सान्ना यांनाही माडाच्या सुरेचीच साथ असे. लग्नात ‘उंबराच्या पाण्या’च्या वेळी आणि बारशाला गवती चहा, आले, दालचिनी, लवंग घालून गरम केलेले ‘खिमाड’ लहान पेल्यांतून फिरे. प्रत्येक घरचे खिमाड निराळे. कोणाकडे गोड, कोणाकडे तिखट, आणि कोणाच्या आजीचे तोलाचे, यावर सोयरे-धायरे मत देत. पाककृती सिद्ध होण्याची हीच रीत. अमेरिकेतील हौशी मंडळी वहीत जे करीत होती, ते येथे तोंडी चालले होते.

१८७८ च्या पाचव्या कायद्याने, म्हणजे मुंबई अबकारी कायद्याने, या व्यवहारावर सरकारची मुठ आवळली. छेदावयाच्या प्रत्येक झाडावर कर, परवाना, झाडावर क्रमांक. आणि मद्य गाळण्याचे काम मोजक्या मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे. उरणच्या मोठ्या भट्ट्यांचा माल सर्वत्र जाऊ लागला. वाढलेल्या झाडपट्टीमुळे अनेक झाडे छेदावाचून राहिली. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. रानात पडलेली फुले वेचून साठविणेही आदिवासींना आणि कुळांना अवघड झाले. सरकारला लोकांच्या आरोग्याची चिंता होती, असे सांगितले जाई. परंतु त्याच सरकारच्या बंदरात बर्टनची पिंपे उतरतच होती. ती विकत घेणाऱ्यावर मर्यादेची सक्ती नव्हती, फक्त जकात होती. आमच्या मते त्या काळच्या अबकारी धोरणाचे वर्म येथे आहे: जे पेय मोजता व अडविता येते ते सरकारला चाले, आणि घराघरांत निपजणारे नकोसे होई.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, आणि तो प्रामाणिक होता, हे मान्य करावयास हवे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला व ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. दारूने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामांतही होती आणि आहेत. त्यांचे दुःख जवळून पाहिलेला कोणीही या कायद्याची टिंगल करणार नाही. मिस्साबलिदानाच्या द्राक्षरसास कायद्यात वाट होती. परंतु खिमाडाला आणि फुग्यांच्या ताडीला कोणती वाट? ती चोरवाटेने गेली. मुंबईत ‘आंटी’चा अड्डा जन्मास आला. पतीच्या मागे मुले वाढविण्यासाठी काही ख्रिस्ती स्त्रिया या धंद्यात पडल्या, ही वस्तुस्थिती. पुढे हिंदी चित्रपटांनी त्या मोजक्या स्त्रियांवरून साऱ्या समाजाचे जे चित्र रंगविले, ते मात्र अन्यायाचे होते. घरच्या सणाचे पेय पोलिसांच्या धाडीचा विषय झाले, आणि ज्या घरांनी कधी थेंब विकला नाही, त्यांनीही आपल्या आजीची कृती मुलींना सांगणे सोडून दिले. घाईघाईने लपूनछपून गाळलेल्या मद्यात तोल कोण पाहणार? तेथे वेग पाहतात, आणि कधी कधी विषही पोटात जाते.

१९६० च्या दशकापासून बंदी सैल होत गेली. कायदा मात्र उभाच आहे. आज तो महाराष्ट्र मद्यनिषेध अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्यानुसार परवान्यावाचून घरी मद्य बनविणे हा गुन्हा आहे. वर दिलेली मापे म्हणूनच माहितीसाठी आहेत, प्रयोगासाठी नव्हेत. आमच्या तरुण वाचकांनी याची नोंद घ्यावी. प्रयोग करावयाचा अधिकार परवानाधारक छोट्या मद्यशाळांना मिळाला. २००९ साली पुण्यात ‘दूलाली’ सुरू झाली, आणि पुढे आपल्याच डोंबिवलीत. मुंबई-पुण्याच्या या मद्यशाळांतून आता इंडिया पेल एल खरोखरच हिंदुस्थानात बनते. माल्ट बहुधा देशी सातूचे असते, आंबा-लिचीच्या गंधाचे हॉप मात्र परदेशाहून येतात. हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात हॉपची लागवड होते, पण ती थोडी.

ताडीस असा आश्रय लाभलेला नाही. ती परवान्याच्या केंद्रावर मिळते, पण स्वयंपाकघराशी तिचे नाते जवळजवळ तुटले आहे. कल्याण-ठाण्याकडील घरांत फुग्यांचे पीठ आता पाकिटातील यीस्टने भिजते. ते वेळेवर फुगते, याबद्दल तक्रार नाही. त्याला ताडीचा तो किंचित आंबूस, फळासारखा वास मात्र येत नाही, असे जुन्या बायका सांगतात. तो वास हवा असेल, तर वसईकडे ओळखीपाळखीने पहाटेचा रस मिळविता येतो. दिव्याहून वसईला थेट गाडी आहे. ती दिवसातून मोजक्याच वेळा सुटते, आणि परतेपर्यंत ताडी आंबट झालेली असते.